खारूचं मोठं कॅबिनेट

४ फेब्रुवारी

आज खारू माझ्याशी बोलला. तसं आम्ही रोजच बोलतो. "दूध आणलंय." "गॅस बंद केला का?" "किल्ली आत आहे." पण याला बोलणं म्हणायचं तर दारावरची बेलसुद्धा भाषण करते असं म्हणावं लागेल. आज जेवताना मान वर करून म्हणाला, "काका, मला नवं कॅबिनेट घ्यायचंय. कॉम्प्युटरचं. त्याला एका बाजूने काच असते. तुम्ही याल का बघायला?"

मी उभं आयुष्य दुकानांसाठी काचेची शोकेस बनवली. चष्म्यांची, घड्याळांची, शाळांच्या करंडकांची. गेल्या वर्षी गाळा बंद केला. एवढ्या वर्षांत या मुलाने मला काचेबद्दल चकार शब्द विचारला नव्हता.

खारू माझ्या बायकोचा मुलगा, तिच्या पहिल्या लग्नाचा. आमचं लग्न झालं तेव्हा शाळेत होता. पुढचे दोन दात मोठे, आणि मिळेल ती वस्तू उशीखाली साठवायचा, म्हणून तिनेच त्याला खारू म्हणायला सुरुवात केली. मला तो पहिल्या दिवसापासून काका म्हणतो आणि अहो-जाहो करतो. आमचं दोघांचं दळणवळण तिच्यामार्फत चालायचं. "काकांना विचार, येतायत का." "त्याला सांग, दिवा बंद कर म्हणावं." ती गेली त्याला आता वर्ष होईल. मधला माणूस उठून गेलाय आणि आम्ही दोघं आपापल्या खुर्चीत तसेच बसून आहोत.

कॅबिनेटचं कारण असं की तो कार्टूनमधली चित्रं हलवण्याचं काम करतो, आणि लांबच्या एका शहरातल्या कंपनीने त्याला विचारलंय. आधी चाचणी म्हणून छोटी फिल्म करून पाठवायची. पसंत पडली तर नोकरी, आणि नोकरी म्हणजे तिकडेच राहायला जायचं. फिल्मसाठी नवे भाग घेतलेत, ते जुन्या डब्यात मावत नाहीत.

चांगलं आहे, असं मी म्हटलं. तरुण माणसाने जावंच.

७ फेब्रुवारी

कॉम्प्युटरवाल्याकडे जाऊन आलो. माणूस जाडजूड, बोलका, हातात सतत स्क्रू ड्रायव्हर. त्याने तीन कॅबिनेट पुढे ठेवली. पहिलं बुटांच्या खोक्याएवढं. खारू म्हणाला, हे बरं, उचलून नेता येईल. मी ते उघडून पाहिलं. पत्रा पातळ, काच सरळ चार स्क्रूंवर लटकवलेली, मध्ये रबरी वॉशर नाहीत. अशा काचेचा कडेला टिचकी मारली तरी भुगा होतो. खारूला तसं सांगितलं.

मधलं ठीक होतं. पण कोपऱ्यात एक भलं थोरलं उभं होतं, कमरेच्या वर येणारं. त्याला बिजागऱ्यांवर उघडणारं काचेचं दार, कडा छान घासलेल्या, आत ऐसपैस जागा. मी त्याच्याकडे बोट दाखवलं. दुकानदार हसला. "काका, यात माणूस झोपेल."

मी कारणं दिली. मोठ्या पेटीत हवा खेळती राहते. पुढे भाग वाढवता येतात. वजन असलं की धक्क्याने हलत नाही. सगळी खरी कारणं आहेत. खारू बराच वेळ फोनमध्ये काहीतरी बघत होता. मग त्याने त्या पेटीची उंची विचारली, वजन विचारलं, पुन्हा फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, "काका म्हणतात तर मोठंच द्या."

घरी आणताना आम्हा दोघांची कंबर बसली. जिन्यात तो खालून, मी वरून. "डावीकडे, काका." "अरे, डावीकडे म्हणजे तुझ्या की माझ्या?" एवढं सलग बोलणं आमच्यात प्रथमच झालं असावं.

८ फेब्रुवारी

ताईचा फोन. माझी ही थोरली बहीण दर रविवारी माझी उलटतपासणी घेते. मी कॅबिनेटचं सांगितलं. म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड. त्याला जायचंय ना परगावी? मग एवढं धूड कोण नेणार डोक्यावर?"

मी म्हटलं, नोकरी लागली तर नेण्याचं बघू. लागायची आहे अजून.

"हं," ती म्हणाली. ताईचा हं मला कधीच आवडला नाही.

१२ फेब्रुवारी

कामाला सुरुवात. आतला सांगाडा मोकळा केला. चित्रं काढणारं कार्ड म्हणून एक जड वस्तू असते, विटेएवढी, तिला स्वतःचे पंखे. ती साधारणपणे आडवी लोंबते. खारूला ती उभी, काचेकडे तोंड करून बसवायची होती, म्हणजे बाहेरून दिसते. त्यासाठी निराळा ब्रॅकेट आणि चपटी वायर लागते. ब्रॅकेट बसवल्यावर कार्ड काचेला एवढं चिकटलं की मध्ये बोटही जाईना. खारू म्हणाला, याला हवा मिळायची नाही. मी ब्रॅकेटमागच्या पट्टीत नवी भोकं पाडून तो आत सरकवला. दुपार गेली त्यात, पण फळी मारावी तसा ताठ बसला.

त्याने पुढून बघितलं, बाजूने बघितलं. म्हणाला, "भारी." मग म्हणाला, "थोडं खाली झुकलंय का?"

झुकलं नव्हतं. तरी मी ॲक्रिलिकचा एक टेकू कापून दिला. या मुलाची नजर बारीक आहे, आईसारखी. तीही सरळ लावलेल्या चौकटीला वाकडी म्हणायची आणि मला पुन्हा शिडीवर चढवायची.

चाचणीची तारीख कंपनीने पुढे ढकलली म्हणे. बरं झालं.

१९ फेब्रुवारी

आता त्याला आत एक फळी हवी आहे. तो मातीच्या छोट्या बाहुल्या करतो, फिल्ममधल्या पात्रांच्या. एक म्हातारा छत्रीवाला, एक जाडी मांजर, एक पोस्टमन. त्या कॅबिनेटच्या तळाशी मांडायच्या. मी पारदर्शक पायऱ्या करून दिल्या, करंडकांसाठी करायचो तशा. मग दिव्याची पट्टी. तो म्हणाला निळा उजेड. मी म्हटलं, निळ्या उजेडात वस्तू मेल्यासारख्या दिसतात, पिवळसर लाव, आणि पट्टी पुढच्या चौकटीमागे लपव. दिवा दिसू नये, उजेड दिसावा. त्याने ते ऐकलं.

तापमान दाखवणारी छोटी स्क्रीन बसवली. बाहेरच्या मोठ्या स्क्रीनसाठी टेबलाला पकडणारा लोखंडी हात बसवला. तो हात पहिल्यांदा उलटा लावला, स्क्रीन भिंतीकडे तोंड करून बसली. खारू हसला. मीही हसलो. मग दोघेही एकदम थांबलो, कारण या ठिकाणी तिने काहीतरी टोमणा मारला असता.

फिल्म कुठवर आली, विचारलं. म्हणाला, "होईल. आधी हे नीट होऊ दे."

२५ फेब्रुवारी

कंपनीने पुन्हा मुदत वाढवली. भलतीच दिलदार कंपनी दिसते. अशा ठिकाणी शिस्त कशी असेल याची मला जरा शंका येते, पण बोललो नाही.

आता मात्र फिल्म तयार आहे. शेवटी मशीन ती सगळी चित्रं एकेक करून पक्की करतं, त्याला ते रेंडर म्हणतात. खारूच्या भाषेत, शिजायला ठेवायचं. त्याला दीड-दोन दिवस लागतील. परवा ठेवणार आहे.

आज सकाळी काच उघडली तर छत्रीवाल्याच्या डोक्यावर धूळ. इतक्या लवकर! शोकेसमध्ये धूळ म्हणजे कारागिराच्या नाकावर माशी. खारू बाहेर गेला होता. मी जुन्या सामानातून पारदर्शक रबरी पट्टी काढली आणि सगळ्या फटी बुजवल्या. दाराच्या कडेने सिलिकॉन फिरवलं, मागच्या भोकांवरही. वर जाळी होती, तिच्या मापाची पातळ काच कापून बसवली. सफाईदार काम झालं. सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

२८ फेब्रुवारी

मशीन मध्येच बंद पडलं. फिल्म निम्म्यावर शिजली होती, ते सगळं गेलं. खारूने काचेला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. तव्यासारखी तापली होती. मग त्याला वरची काच दिसली. कडेची पट्टी दिसली. तो बोट फिरवत पूर्ण चक्कर मारून आला.

"हे तुम्ही केलंत?"

मी म्हटलं, "धूळ जात होती."

"काका, हे मशीन आहे. ते श्वास घेतं. पंखे कशाला लावलेत सहा-सहा?"

 त्याने पंख्यासमोर हात धरून बघितला. मग एकदम म्हणाला, "मी जाऊ नये असं वाटत असेल तर तसं तोंडाने सांगा. मशीनचा गळा कशाला दाबता?"

आणि चप्पल घालून बाहेर गेला. तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता. आईवर ओरडायचा, पुष्कळदा.

२ मार्च

दोन दिवस अळीमिळी गुपचिळी. चहा वेगवेगळा.

मी मुद्दाम केलं का? इथे माझ्याशिवाय वाचणारं कोणी नाही, तेव्हा खोटं लिहून उपयोग नाही. पट्ट्या चिकटवताना मी धुळीचाच विचार करत होतो, हे खरं. पण वरची काच बसवताना आतली गरम हवा माझ्या तळहाताला लागली होती, हेही खरं. केकच्या दुकानांच्या शोकेसला मी मागे हवेसाठी भोकं ठेवायचो, कोणी न सांगता ठेवायचो. मग इथे असलेली भोकं कशी बुजवली? सकाळपासून याचं उत्तर शोधतोय.

आणि एवढं मोठं कॅबिनेट का घ्यायला लावलं, हाही प्रश्न आहेच. हवा खेळती राहावी म्हणून घेतलं आणि मग हवाच बंद केली. ताईला हे सांगितलं तर तिला वर्षभर पुरेल.

ताईलाच सांगितलं. तिने हं केलं नाही. म्हणाली, "अरे वेड्या, इतकी वर्षं पोराबरोबर काढलीस. त्याला सांग की सरळ."

मी म्हटलं, काय सांगू?

"ते पण मीच सांगू का?" म्हणाली आणि फोन ठेवला.

४ मार्च

संध्याकाळी बारीक तार घेऊन कॅबिनेटपाशी बसलो. सिलिकॉन सुरीने काढलं तर काचेला ओरखडे जातात. तार दोन्ही हातांत ताणून करवतीसारखी ओढायची, मग ते सुटं होतं. अर्धी बाजू झाली तेव्हा खारू आला आणि बॅटरीचा उजेड धरून उभा राहिला.

मी मान वर न करता म्हणालो, "तू जावंस असं मला वाटत नाही."

वाक्य ऐकून मीच दचकलो. म्हणून पुढे घाईघाईने म्हटलं, "पण जावंस. दोन्ही खरं आहे. पट्ट्यांचं मुद्दाम केलं की नाही, ते मला नक्की माहीत नाही. माफ कर."

उजेड जरा हलला. तो म्हणाला, "हे कॅबिनेट तिकडे जाणारच नव्हतं."

"म्हणजे?"

"नोकरी लागली तर कंपनी तिकडे जी खोली देणार आहे ती चौथ्या मजल्यावर आहे. गोल जिना, एवढासा. मी दुकानात तिचेच फोटो बघत होतो. यातला टेकूसुद्धा वर जाणार नाही."

"मग घेतलंस कशाला?"

"तुम्ही मोठं म्हणालात म्हणून." थोडं थांबून म्हणाला, "आणि मलाही मोठंच हवं होतं. आणि ती मुदत त्यांनी नाही वाढवली. मी मागितली. दोन्ही वेळा."

ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड या घरात एकट्या मलाच आहे अशी माझी समजूत होती. मी तार खाली ठेवली. विचारलं, तुला जायचं नाही का?

"जायचंय की. काम मस्त आहे." तो जमिनीवर बसला. "पण आई नाही. मीही गेलो तर मग आपलं काय उरतं, काका? तिकडे कोणी विचारलं घरी कोण असतं, तर काय सांगू?"

"काका असतात म्हणून सांग."

"काका तर मी त्या कॉम्प्युटरवाल्यालाही म्हणतो."

मी तार पुन्हा उचलली.  त्याने तारेचं दुसरं टोक धरलं आणि उरलेली बाजू आम्ही दोघांनी मिळून सोडवली. ते दोघांचंच काम आहे खरं तर, एकट्याने तार वाकडी जाते.

९ मार्च

फिल्म शिजली आणि कंपनीकडे गेली. मी वरची काच फेकून दिली. मशीन शिजवत होतं तोवर छोट्या स्क्रीनवरचा आकडा बघत बसलो होतो. खारू म्हणाला, "काका, दुधावर लक्ष ठेवल्यासारखे काय बसलाय?" पण त्याने माझा चहा तिथेच आणून दिला.

फिल्म मलाही दाखवली. छत्रीवाला म्हातारा पाऊस नसताना छत्री उघडून फिरतो, आणि मांजर खालून चालते. एवढंच आहे. मला आवडली. म्हाताऱ्याची चाल ओळखीची वाटली, पण कोणाची ते आठवेना.

२१ मार्च

नोकरी लागली. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच बसली.

१ एप्रिल

खारू गेला. दोन बॅगा आणि मोठी स्क्रीन, बास. स्क्रीन मी बांधून दिली, चारी कोपऱ्यांना थर्मोकोल. कॅबिनेट इथेच आहे. त्याने युक्ती काढली आहे. इथलं मशीन चालू असलं की तो तिकडून त्यात शिरू शकतो आणि तिकडे बसून यावर काम करू शकतो. तिकडे नुसता लॅपटॉप पुरतो. फक्त इथे कोणीतरी बटण दाबायला हवं.

मी म्हटलं, मग बंद कशाला करायचं, अखंड चालू राहू दे. दुकानांतले फ्रीज राहतात तसं. तो म्हणाला, "नाही. रात्री बंद करायचं. सकाळी उठल्यावर तुम्ही चालू करायचं. रोज."

मशीनला विश्रांती लागत असेल. मी पट्ट्या लावून एकदा तोंडावर आपटलोय, तेव्हा वाद घातला नाही.

६ एप्रिल

बरं चाललंय. सकाळी तोंड धुतलं की बटण दाबतो. छत्रीवाल्यावर उजेड पडतो. दहाच्या सुमारास पंखे जोरात घुमायला लागतात, म्हणजे खारू कामाला बसला. दुपारी आवाज उतरतो, म्हणजे जेवायला गेला. संध्याकाळी पुन्हा चढतो. घरात माणूस असल्यासारखं वाटतं, असं लिहिणार होतो, पण ते काही बरोबर नाही. पंखे ते पंखेच. फक्त त्याचं वेळापत्रक कळतं.

त्याच्या फोनवर मात्र आमचं पूर्वीचंच. जेवण कसं आहे? बरं आहे. खोली? लहान आहे. बरं मग.

४ मे

काल सर्दी-तापाने अंग मोडून आलं होतं, आज डोळा उघडला तोच उशिरा. बटण दाबायचं राहिलं. पडूनच होतो तेवढ्यात फोन. "काका, मशीन बंद आहे?" मी म्हटलं, लावतो, तुझं काम अडलं का? "नाही नाही, सावकाश. बरं वाटत नाहीये का? आवाज बसलाय." मी म्हटलं, काही नाही. उठून लावलं.

दुपारी कॉम्प्युटरवाला दारात हजर! म्हणाला, खारूने पाठवलंय, मशीन तपासायला. आला, खुर्चीत बसला. मला ताप किती, औषध घेतलं का, जेवण कोण देतं, सगळं विचारून घेतलं. पेजेचा डबा बायकोने दिलाय म्हणाला. चहा त्यानेच केला. माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि निघाला. स्क्रू ड्रायव्हर खिशातून काढला नाही, कॅबिनेटचं दार उघडलं नाही.

हल्लीच्या लोकांचं कामात लक्ष नाही ते असं. खारूला फोन करून तसं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी बघितलं, काका. सगळं ठीक आहे म्हणाले."

१५ जून

एक गोष्ट लक्षात आली आहे. पंखे घुमत नाहीत. सकाळी बटण दाबलं की सुरू होतात ते मंदच, आणि दिवसभर मंदच राहतात. आकडा वर चढत नाही. आधी वाटलं काम कमी असेल. पण हे बरेच दिवस चाललंय. मी आतली धूळ झटकली, जाळ्या धुतल्या. फरक नाही.

नोकरी गेली की काय? गेली तर हा मुलगा सांगणार नाही. आईचा आजार त्याने स्वतःच्या मित्रांनाही सांगितला नव्हता. ताईला विचारलं, काय करू? ती म्हणाली, "मला काय विचारतोस? त्याला विचार." मग म्हणाली, "आणि कारणं देत बसू नकोस."

१६ जून

विचारलं. आडून नाही, सरळ. "तुझी नोकरी आहे ना? पैशाची अडचण असली तर सांग. घर आहे इथे."

तो हसायला लागला. मला रागच आला. म्हणाला, "काका, नोकरी छान आहे. कंपनीने मला इथेच मशीन दिलंय. मे महिन्यातच."

"मग हे?"

"ते मी वापरत नाही आता."

मी कॅबिनेटकडे बघितलं. आत उजेड होता, पोस्टमन उभा होता, पंखे फिरत होते. "मग रोज सकाळी मला कशाला बटण दाबायला लावतोस? वीज काय झाडाला लागते?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

मग म्हणाला, "तुम्ही बटण दाबलं की इथे माझ्या स्क्रीनवर एक हिरवा ठिपका येतो. घरचं मशीन चालू झालं म्हणून. तो आला की तुम्ही उठलात हे कळतं. मग मी चहा टाकतो." आणि जरा अडखळत म्हणाला, "पहिल्या दिवसापासून तसंच आहे. काम तर लॅपटॉपवरही झालं असतं."

मी खुर्चीत बसलो. या मुलाला मी इतके महिने पंख्यांवरून जोखत होतो, आणि तो तिकडे बसून माझ्या उठण्याची वाट बघत होता.  मी फोन कानाला धरूनच कॅबिनेटची काच बाहीने पुसायला लागलो.

"काका?"

"आहे," मी म्हटलं. "ऐकतोय."

"बंद करायचं असेल तर करा. तसं काही नाही."

"नाही, दाबत जाईन मी. पण हे एकाच बाजूने झालं. तू उठलास हे मला कसं कळायचं?"

तो म्हणाला, असा विचार त्याने केला नव्हता. मी म्हटलं, कर आता.

१७ जून

सकाळी बटण दाबलं. तोंड पुसतोय तोवर फोन वाजला.

"उठलो," खारू म्हणाला.

"बरं," मी म्हणालो.

 तिकडे त्याने गॅस पेटवल्याचा आवाज आला. मीही फोन खांद्याशी धरून माझं चहाचं दूध तापत ठेवलं. त्याच्या खोलीत मागे कोणीतरी, बहुतेक त्याच्याबरोबर राहणारा मुलगा, झोपेतल्या आवाजात विचारत होता, एवढ्या सकाळी कोणाचा फोन?

"घरचा," खारू म्हणाला.

त्याचं दूध आधी उतू गेलं.